स्थळ सांगून कोण आले?

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले की आम्ही दरवर्षी सुरतेच्या स्वाऱ्यांकडे वळतो. १६६४ आणि १६७० ही साले आता आपल्या बालगोपाळांनाही पाठ झाली आहेत. यंदा विषय वेगळा घेतला आहे. लग्नाची स्थळे आपल्याकडे कशी येत गेली, आणि त्या येण्या-जाण्यात आपल्या मुली, आणि मुलगेही, कितपत सुरक्षित राहिले, हा तो विषय. त्याला कारणही घडले आहे; ते शेवटी सांगू.

हजीऱ्यात आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे १९८० नंतर आली. आधी वायू आणि खताचे कारखाने, मग पोलाद, अवजड यंत्रे, मग बंदर. कोणी जळगाव-भुसावळकडून ताप्तीच्या लोहमार्गाने उधन्याला उतरले, कोणी मुंबई-पुण्याहून. वसाहतीत क्वार्टर मिळाले, मुले इथल्याच शाळेत गुजराती मित्रांबरोबर वाढली, आणि ती लग्नाची झाली तेव्हा सगळ्यांचे डोळे पुन्हा गावाकडे लागले. त्या वेळी घरी इनलँड पत्र यायचे : अमुक गावी एक स्थळ आहे, मुलगा पाटबंधारे खात्यात आहे, माणसे माझ्या माहितीतली आहेत. 'माहितीतली' हा शब्द वाचला की घरातल्या बायकांचा जीव निम्मा भांड्यात पडायचा. आपण 'स्थळ सांगून आले' असे म्हणतो. सांगणारा कोणीतरी असायचाच, आणि पुढे काही बिघडले तर त्याचे दार ठोठावता यायचे. आता एका रात्रीत फोनवर शंभर स्थळे येतात, पण त्यातले एकही कोणी सांगून आलेले नसते.

एवढे लिहिल्यावर 'जुने ते सोने' म्हणून लेख संपवण्याचा मोह आम्हालाही झाला होता. तो एका सुरतकर मराठी बाईंनी मोडला.

त्या म्हणजे डॉ. रखमाबाई. हजीऱ्याहून शहर पंचवीसेक किलोमीटर. त्या शहरात स्त्रियांच्या रुग्णालयात या बाईंनी १८९५ च्या सुमारास काम सुरू केले आणि वीसहून अधिक वर्षे इथल्या बायकांची बाळंतपणे केली. पुढे सुरतेत त्यांच्या नावाने रुग्णालय झाले. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे नाव फक्त चित्रपटामुळे ठाऊक असेल, आणि त्या आपल्या गावच्या हे तर बहुधा ठाऊक नसेलच. आम्हालाही बरीच वर्षे नव्हते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील लवकर गेले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. मुलगी अकरा वर्षांची असताना तिचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लागले. हे स्थळ परक्याचे नव्हते. मुलगा सावत्र वडिलांच्या नात्यातला होता. त्याने सासरी राहून शिकावे असे ठरले होते. याहून अधिक 'माहितीतले' स्थळ कोणते असणार? पण त्याने शिक्षण सोडले, मामाच्या घरी राहायला गेला, कर्जात बुडाला. त्या मामाच्या घरचे वातावरण रखमाबाईंना आणि त्यांच्या सखारामबाबांना पटणारे नव्हते. मुलगी सासरी गेली नाही. वडिलांच्या घरी राहून वाचत राहिली.

१८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला नांदायला बोलावले आणि मग मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात प्रकरण फेरसुनावणीला आले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, पण जाणार नाही, अशी बाईंची भूमिका होती. मधल्या काळात 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या इंग्रजी सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे आली; ती यांचीच होती. 'केसरी'ने त्यांच्यावर कडक टीका केली. हे आपण गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लिहीत आहोत याची आम्हाला जाणीव आहे. लोकमान्यांनी दिलेला उत्सव आपण डोक्यावर घेऊन नाचतो. त्यांचे या प्रकरणातले मत मात्र आपल्या लेकींच्या बाजूचे नव्हते, हेही लिहायला हवे.

अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेला आल्या. सुरुवातीला इथल्या बायका रुग्णालयात बाळंतपणाला यायला घाबरत. तेव्हा बाईंनी रुग्णालयाच्या आवारात एका अडलेल्या शेळीची सुटका करून दाखवली, मग बायकांचा धीर चेपला, अशी गोष्ट सांगतात. आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला अधिक कोड्यात टाकते. ज्या नवऱ्याकडे त्या एक दिवसही नांदल्या नाहीत, तो १९०४ मध्ये वारल्यावर त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. न्यायालयाला न जुमानणाऱ्या बाईंनी हे का केले असेल, यावर आमच्या घरात दोन मते आहेत आणि ती तशीच राहोत.

रखमाबाई १९५५ च्या सप्टेंबरात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला, आणि ज्या 'नांदायला या'च्या दाव्याने त्यांना छळले तो दावा त्या कायद्याच्या नवव्या कलमात आजही जिवंत आहे.

त्यांच्या गोष्टीतून आम्हाला जे दिसले ते असे. जुन्या पद्धतीत चौकशी भरपूर होती, पण ती घराण्याची होती. कूळ, गोत्र, पत, मानपान सगळे तपासले जायचे. जिला जायचे तिला काय वाटते, हे विचारण्याची जागाच त्या तक्त्यात नव्हती. आणि तिने आपणहून सांगितले तर ते ऐकण्याची सवय तर कोणालाच नव्हती.

सांगून येणारा मध्यस्थ तरी भरवशाचा असे काय? देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ चे. त्यातला भद्रेश्वर दीक्षित आठवा. पैशासाठी तो म्हाताऱ्या भुजंगनाथाचे लग्न कोवळ्या शारदेशी जुळवत हिंडतो. आपल्या आजोबांच्या पिढीने हे नाटक डोक्यावर घेतले, कारण प्रत्येक गावात असा एखादा दीक्षित होता. वय चोरणे, पत्रिका बदलून घेणे, मुलीचा मंगळ झाकणे, मुलाचा आजार किंवा व्यसन दडपणे, पहिले लग्न लपवणे हे सगळे इंटरनेटच्या शंभर वर्षे आधीपासून आपल्याकडे व्यवस्थित चालू होते. (जाता जाता : १९२९ च्या बालविवाह कायद्याला आपण शारदा कायदा म्हणतो, तो हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. देवलांच्या शारदेशी त्याचा संबंध नाही, पण महाराष्ट्रात बऱ्याच जणांच्या मनात तो जोडला गेला, आणि वाईट जोडला गेला असेही नाही.)

पुढचा टप्पा वर्तमानपत्रांचा. विवाहाच्या जाहिराती हा प्रकार तसा फार जुना. लंडनच्या एका पत्रात १६९५ मध्ये पहिल्या छापल्या गेल्या. आपल्याकडे 'सकाळ', 'लोकसत्ता', 'महाराष्ट्र टाइम्स' यांच्या रविवारच्या अंकात 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे' हे रकाने आले आणि हजीऱ्यातल्या घरांनी ते अंक शहरातून मुद्दाम आणवले. 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' ही भाषा वाचून आज हसू येते आणि थोडी लाजही वाटते. पण त्या जाहिरातीच्या शेवटी एक गोष्ट असायची, ती आम्हाला मोठी शहाणपणाची वाटते : 'लिहा, बॉक्स क्रमांक अमुक'. मुलीचे नाव नाही, पत्ता नाही. उत्तरे वर्तमानपत्राच्या कचेरीत जायची आणि तिथून घरी. कोणाला उत्तर द्यायचे, कोणाला नाही, हे घर ठरवायचे. ज्याला उत्तर नाही त्याला मुलगी कोण हे कधीच कळायचे नाही. फोटो पाठवला तर 'फोटो परत पाठवावा' असे लिहीत, आणि तो परत येईपर्यंत आईला चैन नसे. आपल्या आया फोटोच्या बाबतीत आजच्या कोणत्याही सायबर तज्ज्ञाइतक्या सावध होत्या.

मग वधू-वर सूचक मंडळे. पुण्याची 'अनुरूप' १९७५ पासूनची. शिवाय ज्ञातींच्या छापील सूच्या, मेळावे, मंगल कार्यालयात एका ओळीत उभे राहून माइकवर स्वतःचा पगार सांगणारी मुले. आपल्या मंडळाच्या कपाटातही एक लांबट वही होती. तिच्यात नाव, शिक्षण, गोत्र, उंची आणि 'माहिती देणारा' असा रकाना होता. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर नोंद घ्यायची नाही, असा नियम होता. तो कोणी केला ते आठवत नाही.

चौकशी कशी व्हायची हे नव्या पिढीला सांगायला हवे. मुलगा चोपड्याचा असेल तर आपल्यातला कोणी अमळनेरकर सुट्टीला गेला की वाट वाकडी करून चोपड्याला जायचा. घरी जायचा नाही. आधी किराणा दुकानात, मग पानटपरीवर, मग मुलाच्या कचेरीतल्या शिपायाकडे. उधारी किती, संध्याकाळी पाय कुठे वळतात, आईशी बोलतो कसा. परत येऊन तो सांगायचा, तेही थेट नाही. 'ठीक आहे' म्हणजे नको, आणि 'माणसे चांगली आहेत' म्हणजे मुलाबद्दल बोलू नये. कारखान्याच्या बसमध्ये पहिल्या पाळीला जाताना जी बातमी निघायची ती दुसऱ्या पाळीपर्यंत सगळ्या वसाहतीत. या चौकशीने किती लग्ने मोडली आणि किती मुली वाचल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तरीही. १९८२ मध्ये पुण्यात एक नवविवाहिता लग्नानंतर चार महिन्यांत मरण पावली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८४ मध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी पतीला निर्दोष सोडले, आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरचा तो निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. कायद्याचा निष्कर्ष मान्य करून आम्हाला यातली एकच गोष्ट नोंदवायची आहे. त्या मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. आपले बरे चाललेले नाही हे त्यांत होते. तिचे लग्न रीतसर जुळवलेले होते, दोन्ही घरे एकाच समाजातली होती. त्या वर्षी महाराष्ट्रात बायका रस्त्यावर उतरल्या, पुढच्याच वर्षी दंडविधानात ४९८ अ आले. पण ती पत्रे वाचूनही वेळेत कोणी काही करू शकले नाही, ही टोचणी कुठल्याही कलमाने जात नाही.

आता संगणकाकडे येऊ. यंत्राने जोड्या जुळवण्याची पहिली मोठी हौस अमेरिकेतल्या हार्वर्डच्या विद्यार्थ्यांची. १९६५ मध्ये त्यांनी प्रश्नावली छापली, तीन डॉलर घेतले आणि आयबीएमच्या यंत्रातून नावांच्या याद्या काढल्या. इंटरनेटवरची मोठी संकेतस्थळे १९९५ पासून सुरू झाली. आपल्याकडे लगेच दोन-तीन वर्षांत अनुपम मित्तल यांचे 'सगाई' आले, त्याचेच पुढे 'शादी' झाले. त्याच सुमारास मुरुगवेल जानकीरामन यांनी अमेरिकेतल्या तमिळ लोकांसाठी सणवार, पंचांग असे एक संकेतस्थळ काढले. लोक पंचांग सोडून विवाहाच्या पानावरच गर्दी करतात हे पाहून त्यांनी तोच धंदा वाढवला, आणि स्वतःचे लग्नही तिथेच जुळवले. मराठी मंडळींसाठीचा विभाग त्यांच्याच झाडाची फांदी.

आपल्या हजीऱ्यात हे आले ते परदेशी गेलेल्या मुलांमुळे. मुलगा ह्यूस्टनला, आई-वडील इथे, आणि मावशी नाशिकला. मध्यस्थाला जमणारे काम राहिले नाही. वडिलांनी कारखान्यातल्या संगणकावर जेवणाच्या सुट्टीत मुलाची माहिती भरली, 'मुलाने स्वतः भरली आहे' असे लिहिले, आणि अशा रीतीने पहिला खोटेपणा आपल्याच हातून झाला. गमतीने लिहितो आहोत, पण विचार करा : त्या पानावर वय, पगार, जात, नक्षत्र, आहार सगळे होते. आपल्या वहीतले सगळे रकाने होते. एकच गेला होता, 'माहिती देणारा'.

त्या रिकाम्या रकान्यातून काय काय आत आले ते आपण रोज वाचतो. लंडनचा शल्यचिकित्सक, जहाजावरचा कप्तान, सैन्यातला विधुर. महिनाभर गोड बोलणे, मग 'तुझ्यासाठी भेट पाठवली आहे', मग दिल्ली विमानतळावरून 'कस्टम्स'मधल्या बाईंचा फोन की पार्सलमध्ये परकी चलन सापडले, अमुक रक्कम भरा. घटस्फोटित आणि चाळिशीतल्या बायका यात अधिक सापडतात, कारण त्यांच्यासाठी स्थळ सांगून येणारे आपण फार कमी उरलो आहोत. सीमाशुल्क विभाग कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्यांच्या पत्रांवर 'डीआयएन' नावाचा क्रमांक असतो, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

सरकारने जून २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणी करणाऱ्याच्या ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे घ्यावेत, तक्रार अधिकारी नेमून त्याचा संपर्क द्यावा, आणि 'हे स्थळ विवाहासाठी आहे, डेटिंगसाठी नाही' असे स्पष्ट लिहावे. शेवटची अट वाचून वडीलधाऱ्यांना बरे वाटले. तोवर मुले मात्र डेटिंगच्या ॲपवर गेली होती. टिंडर २०१२ चे. चार वर्षांत त्याने भारतात कचेरी थाटली. विवाहाच्या संकेतस्थळावर आई-वडील डोकावतात, ॲपवर नाही, हेच मुलांना हवे होते. त्यात गैर काय? आपणही कधीतरी कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर बसलो होतो. फरक इतकाच की कट्ट्यावर बसलेले गावाला दिसायचे.

मुलगे सुरक्षित आहेत असे कोणी समजू नये. ॲपवर ओळख झालेली मुलगी ठरलेल्याच हॉटेलात बोलावते, दोन सरबतांचे बिल हजारोंच्या घरात येते आणि दारात दोन दांडगे उभे असतात. दिल्ली-मुंबईत हा धंदाच झाला होता. रात्रीचा व्हिडिओ कॉल उचलला, समोरच्या चित्राबरोबर आपला चेहरा टिपला गेला आणि पैशाची मागणी सुरू झाली, यात तर निवृत्त माणसेही सापडतात. ज्या मुलांना मुलांशीच मैत्री हवी असते, त्यांना लुटणे सर्वांत सोपे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का काढला, पण घरी सांगायची सोय अजून झालेली नाही, हे लुटणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

आणि वसईची ती मुलगी. नाव सगळ्यांना माहीत आहे, आम्ही पुन्हा लिहीत नाही. एका डेटिंग ॲपवर ओळख झाली, घरचा विरोध, मुलगी घराबाहेर पडली, घराशी बोलणे तुटत गेले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली असे पोलिसांचे म्हणणे आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे काय ते न्यायालय ठरवेल. बातमी नोव्हेंबरात फुटली तेव्हा सगळा देश ॲपवर, मुलीवर आणि धर्मावर बोलला. दोन तपशील त्या गदारोळात मागे पडले. तिने २०२० च्या नोव्हेंबरात नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती, मारहाणीची आणि जिवे मारण्याच्या धमकीची. डिसेंबरात ती मागे घेतली. दुसरा तपशील असा की तिचा फोन लागत नाही हे सर्वांत आधी एका मित्राच्या लक्षात आले. त्याने तिच्या घरी कळवले, मग वडिलांनी पोलीस गाठले. तोवर चार-पाच महिने उलटून गेले होते.

रखमाबाईंनी वर्तमानपत्राला लिहिले, पुण्याच्या मुलीने बहिणीला, वसईच्या मुलीने पोलिसांना. स्थळ नात्यातले असो, समाजातले असो की फोनवरचे, मुलगी लिहीत आलेली आहे. आम्ही इतिहासाची पाने चाळली ती मुलींच्या सुरक्षिततेचे जुने उपाय शोधायला. हाती आली ती न वाचलेली पत्रे.

आता ते कारण. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस आपल्याच वसाहतीतल्या एका मुलीच्या बाबतीत हे घडले. नोकरी नुकतीच लागलेली, ॲपवर एकाशी ओळख, दोन महिने गप्पा, काही फोटो. मग त्याने रंग बदलला. पैसे दे, नाहीतर फोटो वडिलांच्या आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. वडिलांचा नंबर तिनेच बोलता बोलता सांगितला होता. तिने दोनदा पैसे भरले. घरी सांगितले नाही, कारण त्या घरात, आणि आपल्या सगळ्यांच्याच घरांत, 'असले काही दिसले तर फोन काढून घेईन' हे वाक्य शंभरदा बोलून झाले होते. सजावटीचे थर्माकोल बाजूला सारून मखराला कापडाच्या झालरी लावताना तिने हे एका काकूंना सांगितले, आणि काकूंनी तिच्या परवानगीने आम्हा दोघा-तिघांना.

आमच्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न होता : "अगं, पण तू फोटो पाठवलेसच का?"

रखमाबाईंचे चरित्र वाचलेली माणसे आम्ही. मुलगी गप्प झाली. काकूंनी आमच्याकडे असे पाहिले की आम्ही पुढचा अर्धा तास बोललो नाही, आणि तेच बरे झाले.

पुढचे काम काकूंनी आणि संगणक कळणाऱ्या एका भाच्याने केले. संभाषण पुसू दिले नाही. सगळ्या पडद्यांची छायाचित्रे घेतली, तारीख-वेळेसकट. त्या माणसाला ब्लॉक करण्याआधी त्याचे खाते, नंबर, पैसे गेलेल्या खात्याचा तपशील उतरवून घेतला. १९३० वर फोन केला. हा क्रमांक सायबर फसवणुकीसाठी देशभर चालतो, आणि जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडण्याची शक्यता जास्त. तिची दुसरी रक्कम अडली, पहिली गेली. राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. फोटोंबद्दल ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिले. २०२१ च्या नियमांनी असे खासगी फोटो काढून टाकायला चोवीस तासांची मुदत घालून दिली होती, हे भाच्याला ठाऊक होते, आम्हाला नव्हते. मग काकू तिच्याबरोबर शहरात पोलिसांकडे गेल्या. रिक्षातून जाताना तिने आईला फोन केला. आई रडली, रागावली, आणि मग विचारले, "जेवलीस का?" वडिलांना सांगायला आणखी दोन दिवस लागले. फोन काढून घेतला गेला नाही.

फोटो कुठेही आले नाहीत. येणारच नव्हते की वेळेवर आवरले गेले, ते सांगता येत नाही.

आपली ती लांबट वही अजून कपाटात आहे, पण गेली कित्येक वर्षे तिच्यात नोंद नाही. काकूंनी आता शेवटच्या कोऱ्या पानांवर दुसराच उद्योग चालवला आहे. कोणत्याही मुलाने किंवा मुलीने ॲपवरच्या ओळखीला पहिल्यांदा भेटायला जाताना काकूंना निरोप ठेवायचा : कुठे, किती वाजता, कोणाला. भेट दिवसाची आणि चार माणसांत, पीपलोद किंवा वेसूच्या एखाद्या गजबजलेल्या ठिकाणी. सुवालीच्या किनाऱ्यावर पहिली भेट नाही. आधी व्हिडिओवर चेहरा पाहिलेला असावा. जाणे-येणे आपल्या वाहनाने, आणि फोनवर आपण कुठे आहोत हे एका मैत्रिणीला दिसत असावे. परत आल्यावर 'आले' एवढेच लिहायचे. काकू दुसरे काही विचारत नाहीत आणि घरी सांगत नाहीत. 'आले' आले नाही, तरच सांगतील. आई-वडिलांना हे सगळे माहीत आहे. काहींना पटलेले नाही. आम्हालाही सुरुवातीला वाटले की हे म्हणजे मुलांना परवानगी देण्यासारखे झाले. मग मोजून पाहिले. वर्षभरात निरोप एकवीस आले, आणि त्यांतले आठ मुलग्यांचे.

हा लेख छापायला देण्याआधी आम्ही त्या मुलीला वाचायला दिला. तिने दोन वाक्ये खोडली, 'आमच्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न' हा भाग मात्र राहू द्या म्हणाली, आणि १९३० हा आकडा ठळक छापा असे सांगितले.